तबकडी आहे, पण यंत्र?

माणिकपूरसारख्या गावात जुने घर पाडले जाते तेव्हा माळ्यावरून काळ्या तबकड्यांचा गठ्ठा निघू शकतो. तो वाजवायचे यंत्र मात्र बहुधा आधीच भंगारात गेलेले असते. मग त्या तबकडीतला आवाज गेला असे समजायचे का?

ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहर जानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या मात्र छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हरला. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला. तबकडीतला महत्त्वाचा घटक म्हणजे लाख, आणि ती आपल्याच जंगलांतली! या तबकडीवरील खाच आवाजाच्या लहरीप्रमाणे डावी-उजवीकडे वळत जाते. कागदाचा शंकू करून त्याच्या टोकाला टाचणी खोचा व फिरत्या तबकडीवर अलगद टेकवा. वर्गाला गाणे ऐकू येते. (टाचणी खाच खरवडते, तेव्हा तबकडी टाकाऊच घ्यावी.)

अडचण येते ती वेगाची. सुरुवातीच्या सगळ्याच तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने फिरवली तर कंपनसंख्या ७८ भागिले ७४, म्हणजे सुमारे १.०५ पट होते. काळी एकमध्ये गाणारा कलावंत जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो! मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने आणि तिचे भौतिकशास्त्रज्ञ कार्यकर्ते डॉ. सुरेश चांदवणकर यांनी अशा तबकड्यांचा अभ्यास चिकाटीने पुढे नेला.

१९८२ मध्ये सीडी आली. सेकंदाला ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजायची आणि ती १६ अंकी द्विमान संख्येत लिहायची, ही तिची रीत. १९९९ मध्ये सोनी व फिलिप्स यांनी 'सुपर ऑडिओ सीडी' आणली. तिची रीत वेगळी. सेकंदाला २८,२२,४०० वेळा फक्त एक किंवा शून्य लिहायचे. जिथे लहर चढते तिथे एक दाट होतात, उतरते तिथे विरळ. कान हा फरक ओळखतात का, यावर जाणकारांत एकमत नाही. आम्हांलाही शंकाच आहे.

पण इथे टाचणी चालत नाही. तबकडीवरील माहिती सांकेतिक लिपीत आहे. नकल रोखण्यासाठी खळग्यांच्या आकारातही एक खूण लपवलेली असते. संगणकाचा साधा ड्राइव्ह ती वाचू शकत नाही. तबकडीवर साध्या सीडीचा थर असला तर तेवढाच तो वाचतो. वाट सापडली ती खेळण्यात. २००६ च्या पहिल्या प्लेस्टेशन-३ यंत्रांना या तबकड्या वाजवता येत. नंतरच्या मॉडेलांतून कंपनीने ही सोय काढून टाकली. ज्या जुन्या यंत्रांतील आज्ञावली अद्ययावत केलेली नव्हती, त्यांतून २०११ च्या सुमारास उत्साही मंडळींनी मूळ माहिती जशीच्या तशी संगणकावर उतरवून घेतली. पुढे काही जुन्या ब्ल्यू-रे प्लेअरांनीही हेच काम केले.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून गौहर जानची तबकडी आता सर्वांची आहे. १९९९ ची तबकडी तशी व्हायला २०५९ साल संपावे लागेल. तोवर ती वाचणारे यंत्र चालू राहायला हवे, आणि त्या पहिल्या यंत्रांतले लेसर आताच मंद होत चालले आहेत.