सर्पगंधा आणि रिकामी चाळ

मुंबईच्या केईएममधले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या आणि आपली निरीक्षणं १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली. रक्तदाब उतरत होता. ही मुळी माणसाला शांत, कधी सुस्तही करते, हे वैद्यांना ठाऊक होतंच.

ठाऊक तर बरंच काही होतं. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याहून १९३१ सालीच ही मुळी उन्माद आणि रक्तदाब, दोन्हींवर चालते असं लिहिलं होतं. पण ते देशी नियतकालिकात. जगाने अठरा वर्षं ढुंकून पाहिलं नाही. वकिलांचं काम मोठं आहे (१९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला), तरी छापणाऱ्याचा पत्ता बदलला की शास्त्र खरं ठरतं, हे मला अजून खुपतं.

१९५२ साली सिबा या स्विस कंपनीने मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं. दोन वर्षांत ते अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत पोचलं. मग प्रश्न आला: हे मेंदूत करतं काय?

उत्तर समजायला आमच्या लोणंदचा कांदा पुरे. कांदा चाळीत भरला तर टिकतो, उघड्यावर राहिला तर सडतो. मज्जापेशीही डोपामिन, सेरोटोनिन बारीक पिशव्यांमध्ये साठवते. पिशव्या भरणारं एक प्रथिन असतं, म्हणजे हमालच. रेसरपीन नेमका या हमालाचा हात धरतं. बाहेर राहिलेला माल पेशीतलं एक विकर मोडून टाकतं. पलीकडे रिसेप्टर, म्हणजे खरेदीदार, दुकान उघडून बसलेला. माल येतच नाही. क्लोरप्रोमाझिन उलट करतं: माल येतो, पण ते डोपामिनच्या खरेदीदाराचं दारच अडवून बसतं. डायझेपामची तऱ्हा तिसरी. ते ‘गाबा’च्या रिसेप्टरला बाजूने चिकटतं आणि मेंदूच्या स्वतःच्याच ब्रेकला जोर देतं. त्याची ही जागा १९७७ साली सापडली.

१९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसरपीनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचलं. ससे उठून हालचाल करू लागले. डोपामिनचं महत्त्व त्यातून कळलं, पार्किन्सनच्या उपचाराची वाट दिसली आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

माणसांचं काय? रक्तदाबासाठी रेसरपीन घेणारे काही जण खोल उदास झाले. उदासी म्हणजे या रसायनांचा तुटवडा, ही कल्पना तिथूनही बळावली. आज ती तेवढी सरळ वाटत नाही. गोळी बंद केल्यावरही परिणाम काही दिवस, कधी काही आठवडे रेंगाळत असे. कारण रेसरपीन धरलेला हात सहजी सोडत नाही. पेशीला नवे हमाल, नव्या पिशव्या घडवून मज्जातंतूच्या टोकापर्यंत धाडाव्या लागतात.