मोट, नळ आणि पंप

पंपाचा इतिहास सांगावयाचा तर कारखान्यापासून आरंभ करावा, अशी रीत आहे. आम्ही तो विहिरीच्या काठापासून करणार आहोत. पिशोरच्या शिवारात पंप म्हणजे काय हे पुष्कळांनी विहिरीवरच, आणि नुकसान सोसून, जाणून घेतले. त्यांत आमचेही घर होते.

मोटेच्या काळी निवडीचा प्रश्न उघड होता. विहीर किती खोल, यावर नाड्याची आणि धावेची लांबी ठरे. बैल कसे, यावर मोट केवढी ते ठरे. चूक झाली तर ती बैलाच्या अंगावर दिसे. पंप आला आणि ही परीक्षा डोळ्यांआड गेली. आमच्या वडिलांनी पहिला पंप विहिरीच्या काठावर, पत्र्याच्या खोपीत मोठ्या ऐटीने बसविला. पौषापर्यंत त्याने थारोळे भरभरून पाणी दिले. चैत्रात पाणी ३५ फुटांवर गेले आणि यंत्र नुसतेच घुमू लागले. फूटव्हॉल्व्ह साफ केला, सांध्यांना नवा ताग आणि सफेदा लावला, पाणी येईना. विकणाऱ्याने अधिक अश्वशक्तीचे यंत्र घ्या म्हणून सांगितले. तोवर अर्धा एकर कांदा वाळला होता.

दोष अश्वशक्तीचा नव्हता. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो सक्शनच्या नळातील दाब कमी करतो, आणि बाहेरच्या हवेचा भार पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीवर हा भार सुमारे ३४ फूट पाणी तोलून धरतो, आपल्या पठारावर त्याहूनही कमी. व्यवहारात वीस-बावीस फुटांपलीकडे भरवसा धरू नये. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात ही मर्यादा एका पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या तोंडी घातली आहे. तिचे कारण पुढे तोरिचेल्लीच्या पाऱ्याच्या प्रयोगाने कळले. विद्वानांच्या आधी कारागिराला ठाऊक असलेली ही गोष्ट आमच्या विक्रेत्याला मात्र ठाऊक नव्हती! अखेर एका मिस्त्रीने तोच पंप विहिरीत २० फुटांवरच्या टप्प्यावर उतरवून दिला, आणि तोच पंप पाणी देऊ लागला.

ज्या काळात युरोपात हे कोडे सुटत होते, त्याच्या थोडे आधी आपल्याच जिल्ह्यात मलिक अंबरने पंपावाचून शहर पाजले होते. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. उत्तरेच्या डोंगराकडील पाणी जमिनीखालच्या नहरीने, केवळ उतारावर, त्याने शहरात आणले. पुढे पाणचक्कीसाठी पाणी मातीच्या बंद नळांतून आले. उंचावरून येणारे पाणी बंद नळात खाली उतरून पुन्हा जवळजवळ तितक्याच उंचीवर चढते. जी थोडी उंची हरवते ती नळाच्या घर्षणात जाते. पाणचक्कीच्या उंच भिंतीवरून हौदात पडणारी धार हे त्याचे प्रात्यक्षिकच होय. तेथे हिशेब सारा नळाचा होता, आणि पंप आल्यावर आपण नेमका तोच विसरलो. चार इंची नळाऐवजी तीन इंची घातला, तर तेवढेच पाणी नेताना घर्षण चौपटीहून अधिक वाढते. नळात वाचविलेला पैसा विजेच्या बिलात जातो.

पंपाची खरी परीक्षा कशी असते, हे कारखान्यात दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या उजाड माळावर कारखाना उभारला, आणि १९२६ मध्ये तेथे सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. असा पंप परीक्षेला लावतात तेव्हा डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडतात, दरवेळी दाब आणि पाणी मोजतात व त्यावरून आलेख काढतात. पंपाची कुंडली म्हणावी ती हीच. सेकंदाला १० लिटर पाणी, घर्षण धरून १५ मीटर चढवावयाचे, तर पाण्यापुरती शक्ती दोन अश्वशक्ती लागते. पंपाची कार्यक्षमता शेकडा ६० धरली तरी साडेतीनच्या आत भागते. आपल्याकडे मात्र शेजाऱ्याने पाचाचा घेतला म्हणून आपण साडेसाताचा घेतो.

साखर कारखान्यात ही गंमत चालत नाही. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी कारखाना सुरू झाला, आणि तसे कारखाने पुढे महाराष्ट्रभर झाले. तेथे पातळ रसाला एक पंप, चिकट मळीला दातेरी चाकांचा दुसरा. उकळत्या रसाची तर सक्शनमध्येच वाफ होऊ पाहते. म्हणून त्याचा पंप टाकीच्या खाली बसवितात. आमच्या विहिरीतले शास्त्र ते हेच.

मिस्त्री गेल्यावर वडिलांनी २०० लिटरचे पिंप डिलिव्हरीखाली ठेवले आणि आम्हांला घड्याळ धरावयास सांगितले. पिंप २० सेकंदांत भरले. तो आकडा त्यांनी खोपीच्या पत्र्यावर गेरूने लिहिला, आणि त्यानंतर दर अमावास्येला ते पिंप पुन्हा मांडीत असत.