ससा कोणाचा? जोतिबाच्या डोंगरावरून छर्ऱ्याच्या बंदुकीचा इतिहास (थ्रेड)

१/ चैत्र पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'चा गजर होतो. आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या यात्रेत पाळण्यांच्या शेजारी एक ठरलेले दुकान असते : फळीवर टांगलेले रंगीत फुगे आणि समोर छर्ऱ्याची बंदूक. फुगा फुटला की टाळ्या पडतात. हीच बंदूक माळावरच्या सशावर रोखली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२/ बंदूक तीच, छर्रा तोच. मग एका ठिकाणी खेळ आणि दुसऱ्या ठिकाणी गुन्हा, असे का? "या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून शिकारीलाही लागत नाही" हा समज आजही सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. तो कसा रुजला आणि कायदा येथवर कसा आला, याचा हा मागोवा.

३/ जोतिबाचे गाव म्हणजे वाडी रत्नागिरी. कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळा तालुक्यात. श्रीकेदारनाथाचे आजचे देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधले. अशा डोंगरउतारांवर आणि गवताळ माळांवर ससा, तितर, लावा, होला हे जीव राहतात. शिकाऱ्यांच्या भाषेत यांना 'लहान शिकार' म्हणत. वाघ, गवा, सांबर ही 'मोठी शिकार'.

४/ 'शिकार' हा शब्द फारसीतून आला. मराठीचा त्याहून जुना शब्द 'पारध'. व्युत्पत्तिकार त्याचे मूळ संस्कृत 'पापर्द्धि' या शब्दात शोधतात. पापर्द्धि म्हणजे पापाची वृद्धी. राजांचा आवडता विनोद आणि त्याच्या नावातच पाप! शिकारीविषयीची ही दुविधा भाषेने फार पूर्वीच नोंदवून ठेवली आहे.

५/ कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्या काळी कोल्हापूर-पन्हाळा परिसरावर शिलाहार घराण्याची सत्ता होती. मानसोल्लासात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचे सविस्तर वर्णन आहे. 'श्येनविनोद' म्हणजे शिकारी पक्ष्यांकरवी पाखरे पकडण्याचा खेळ, हाही त्यात आहे. लहान शिकारीचे शास्त्र राजदरबारी इतके जुने आहे.

६/ आठशे वर्षांनंतरही कोल्हापूर दरबारात शिकारखाना होता. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) स्वतः निष्णात शिकारी होते. कोल्हापूरची खास ओळख म्हणजे चित्त्याकरवी काळविटाची शिकार. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीतून माळावर नेत, कळप दिसला की पट्टी काढून त्याला सोडत. देशी चित्ता दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते आणवले.

७/ राजाची शिकार माळावर चाले, तेव्हा त्याच माळावर आणखी एक शिकारी वावरत असे : फासेपारधी. त्याच्याजवळ बंदूक नव्हती. फासे, जाळी आणि अचाट निरीक्षण एवढीच त्याची शिदोरी. तितराचा हुबेहूब आवाज काढणे, पाळीव तितराचा आमिष म्हणून उपयोग करणे, शिकवलेल्या गाय-बैलाच्या आडोशाने पाखरांजवळ सरकणे, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

८/ या दोघांना कायद्याने एकाच मापाने मोजले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला त्याच्या जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची मुभा सरकारला दिली. १९११ मध्ये त्याची कक्षा देशभर वाढवण्यात आली. पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडण्यास परवानगी, वसाहतींमधील सक्तीचे जिणे. संस्थानिकाचा चित्ता धावला की ती शान, पारध्याने फास लावला की तो संशयित.

९/ येथे कोल्हापूरचे वेगळेपण दिसते. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली. कोल्हापूरजवळील सोनतळी येथे त्यांनी फासेपारध्यांना आसरा दिला, काम दिले. स्वतः शिकारी असलेल्या राजाने माळावरच्या दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस म्हणून ओळखले. देशपातळीवर तो कायदा रद्द होण्यास १९५२ चा ३१ ऑगस्ट उजाडावा लागला. हाच आजचा विमुक्त दिन.

१०/ आता बंदुकीकडे वळू. १८५७ चा धसका घेतलेल्या इंग्रज सरकारने १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, शस्त्र कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात भारतीयाला बंदूक बाळगायची तर परवाना अनिवार्य झाला. युरोपीय लोकांना त्यातून सूट होती. दारूची बंदूक अशी सामान्य माणसाच्या हातून सुटली आणि विलायती, हलक्या, हवेच्या बंदुकीचे आकर्षण वाढले.

११/ हवेची बंदूक मुळात खेळणे नव्हते. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने बार्तोलोमेओ जिरांडोनी याने घडवलेली हवेची रायफल वापरात आणली. दस्त्यातल्या टाकीत पंपाने हवा कोंबायची आणि दारू न जाळता एकामागून एक वीसेक गोळ्या झाडायच्या. धूर नाही, आवाज कमी. परंतु टाकी नाजूक आणि पंप मारणे कष्टाचे, त्यामुळे ती युद्धातून लवकरच मागे पडली.

१२/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका, जर्मनी आणि इंग्लंडमधील कारखान्यांनी तिला नवा जन्म दिला. नळी मोडून स्प्रिंग ताणायची. घोडा दाबताच स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दबलेली हवा शिशाचा छर्रा फेकते. स्वस्त, सुटसुटीत, मुलांच्या हातात मावणारी. जत्रेतल्या फुग्यांसमोर असते ती या बंदुकीचीच वंशज.

१३/ या बंदुकीने महाराष्ट्राला एक थोर माणूस दिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या एका पोरक्या मुलाने आपल्या छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले.

१४/ सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे सालिम अली (१८९६–१९८७). भारतीय पक्षिशास्त्राचा इतिहास अशा रीतीने एका छर्ऱ्यापासून सुरू होतो. त्यांच्या आत्मचरित्राच्या शीर्षकातही पडलेली चिमणीच आहे.

१५/ याच काळातली त्यांची आणखी एक नोंद अधिक बोलकी आहे. घरट्यात मादी अंडी उबवत होती, बाहेर नर पहारा देई. मुलाने नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला. सात दिवसांत त्या एकाच जागेवर आठ नर पडले. ही नोंद शिकाऱ्याच्या फुशारकीने लिहिली होती. पुढे तीच पक्ष्याच्या वर्तनाचा पुरावा ठरली. फरक पडला तो नोंद ठेवल्यामुळे.

१६/ लहान शिकारीची खरी अडचण नेमकी येथे आहे. वाघ मारला तर छायाचित्र निघे, कातडे भिंतीवर लागे, आकडा दरबारी कागदात जाई. ससा, लावा, होला थेट चुलीवर जात. किती गेले, कोणी मारले, कोणत्या महिन्यात मारले, हे कोणी मोजत नसे. ज्याची मोजदाद नाही त्याचा ऱ्हासही दिसत नाही.

१७/ कायदा हळूहळू मोजायला शिकला. १८८७ मध्ये वन्य पक्ष्यांसाठी पहिला देशव्यापी कायदा झाला, तोही अगदी मर्यादित. १९१२ च्या कायद्याने विणीच्या काळात शिकारबंदीची तरतूद आणली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्येच मुंबई राज्यात विलीन झाले होते.

१८/ मग आला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. आज अनेकांना ठाऊक नसते की त्याने सुरुवातीला सर्व शिकार बंद केली नव्हती. त्यात 'विशेष शिकार', 'मोठी शिकार' आणि 'लहान शिकार' असे वेगवेगळे परवाने होते. ससा, तितर यांसारखे जीव चौथ्या अनुसूचीत, म्हणजे लहान शिकारीत. परवानाधारकाने मारलेल्या जनावरांची नोंद ठेवणे मात्र बंधनकारक झाले.

१९/ १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने संपवले. पहिल्या चार अनुसूचींतील कोणत्याही प्राण्याची शिकार निषिद्ध ठरली. शिल्लक राहिले ते मोजके अपवाद : जिवावर बेतल्यास स्वसंरक्षण, अधिकाऱ्याचा लेखी आदेश, संशोधनासारखी कारणे. मानसोल्लासापासून चालत आलेली हौसेची शिकार कायद्याच्या दृष्टीने तेथे संपली. २०२२ च्या दुरुस्तीने जुनी चौथी अनुसूची गेली, दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून एक लाखावर गेली.

२०/ आता मूळ प्रश्न. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ०.१७७ इंच (४.५ मिमी) आणि ऊर्जा २० जूल, या दोन्ही मर्यादांच्या आत असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. हा नियम फक्त बंदुकीविषयी आहे. सशाविषयी वेगळा कायदा आहे आणि तो 'कशाने मारले' हे विचारतच नाही.

२१/ वन्यजीव कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. मारणे, पकडणे, फास लावणे, विष घालणे, जखमी करणे हे सर्व तीत येते. पक्ष्याचे घरटे वा अंडी मोडणे हेसुद्धा. इतकेच नव्हे, तर या गोष्टींचा प्रयत्न म्हणजेही शिकारच. छर्रा हुकला, तरी गुन्हा घडलेला असतो. वापरलेली बंदूक आणि वाहनही जप्त होऊ शकते.

२२/ यामागे केवळ कायद्याचा काटेकोरपणा नाही. छर्ऱ्याची ताकद बेताची. जागच्या जागी प्राण घेण्याइतका घाव क्वचितच बसतो. पंखात शिसे घेऊन उडालेले पाखरू कुठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडते. जुना शिकारी जखमी जनावराचा माग काढून ते संपवणे हे आपले कर्तव्य मानी. हौशी बंदूकवाल्याला तो माग काढताही येत नाही.

२३/ शेतकऱ्याचा प्रश्न मात्र खरा आहे. भुईमुगात ससा शिरतो, उसात रानडुक्कर, डोंगराकडेच्या गावांत गवा. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्यांबाबत अधिकाऱ्याकडून परवानगी मिळवण्याची वाट कायद्यात आहे. ती किती लांब आणि किती दमवणारी, हे शेतकरीच जाणतो. त्याच्या अडचणीची ढाल पुढे करून केलेली हौशी शिकार त्याचाच दावा कमकुवत करते.

२४/ कोल्हापूरच्या नेमबाजीचे पुढे काय झाले? १९८४ मध्ये दहा मीटर एअर रायफल ऑलिम्पिकमध्ये आली. या निशाण्याचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे छर्ऱ्याच्या व्यासाचा नववा भाग. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात दोन सुवर्णपदके जिंकली. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये त्या विश्वविजेत्या झाल्या.

२५/ दाजीपूर-राधानगरीचे रान म्हणजे छत्रपतींचे शिकारीचे रान. १९५८ मध्ये तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. त्याच राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिक कांस्य मिळवले. त्यांची रायफल छर्ऱ्याची नव्हे, काडतुसाची. परंतु नेम धरण्याची ती जुनी विद्या आज कागदाच्या निशाण्यावर सुखाने नांदते आहे.

२६/ मराठीत एक शब्द आहे : ससेहोलपट. शिकाऱ्याच्या भयाने जीव मुठीत घेऊन सैरावैरा पळणाऱ्या सशाची ती धावपळ. तो शब्द पुढे माणसांसाठीच अधिक वापरला गेला. हजेरी देत गावोगाव फिरणाऱ्या पारध्याला तो जितका लागू पडतो, तितका क्वचितच दुसऱ्या कोणाला पडत असेल. इतिहासात ससा आणि पारधी दोघांचीही ससेहोलपट झाली. एकाची मोजदाद नव्हती, दुसऱ्याची रोज हजेरी होती.

२७/ पुढच्या चैत्रात जोतिबाला गेलात आणि फुग्यांचे दुकान दिसले, तर खुशाल नेम धरा. नंतर डोंगर उतरताना गवतात काही सळसळले, तर क्षणभर थांबून पाहा. खेतवाडीच्या त्या मुलाने बंदुकीइतकेच डोळेही रोखले, म्हणून आज आपल्याला पाखरांची नावे ठाऊक आहेत.

(थ्रेड समाप्त)