उष्णता मुळातच कमी करण्याचा इतिहास

रत्नागिरीत उन्हाळ्यात पारा विदर्भासारखा चढत नाही, पण हवा दमट आणि खारी असते. तिथे डेस्कटॉप थंड ठेवायला नुसता मोठा पंखा अपुरा पडतो. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, शिवाय तीच खारी हवा आत ओढतो. त्यापेक्षा उष्णता निर्माणच कमी व्हावी, हे शहाणपणाचे. संगणकाचा इतिहासही याचीच साक्ष देतो. १९९३चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले आणि भलताच तापे. १९९४च्या पुढच्या पिढीने वेग वाढवूनही ३.३ व्होल्टवर काम भागवले. आजचे प्रोसेसर साधारण १ व्होल्टच्या आसपास चालतात. यामागे साधे गणित आहे: वेग तोच ठेवला, तर गणनेसाठी लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवले, की ती सुमारे १९ टक्क्यांनी घटते. उलट, वेगाच्याच ध्यासापायी भलत्याच तापणाऱ्या पेंटियम ४चा नियोजित वारस ‘तेजस’ इंटेलने २००४मध्ये रद्द केला आणि अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरकडे मोर्चा वळवला.

हेच वापरणाऱ्यालाही आपल्या प्रोसेसरचे व्होल्टेज थोडे उतरवून साधता येते. कारखान्याने ठरवलेल्या व्होल्टेजला हात लावू नये, हा त्यावरचा आक्षेप निराधार नाही. ते फार उतरवले तर गणना चुकते, संगणक अचानक बंद पडतो. पण सर्व परिस्थितींत चिप चालावी म्हणून कारखाना त्यात राखीव भाग ठेवतो, आणि अनेक चिपना तो पूर्ण लागत नाही. थोडे थोडे उतरवत, प्रत्येक पायरीवर पूर्ण भार देऊन तपासले, तर धोका आटोक्यात राहतो. चिप बनवणाऱ्यांनी तीन दशके चालवलेलेच काम वापरणारा इथे सावधपणे पुढे नेतो.