लाखेचं पॉलिश

नागपूरकडे सुताराला वाढई म्हणतात. हा वाढई पूर्वी घरी येऊन काम करायचा. लाकूड आपण आणायचं, अंगणात त्याचा रंधा चालायचा, आणि महिना-दीड महिन्यात कपाट, दिवाण, टेबल जे काय असेल ते उभं राहायचं. शेवटचे काही दिवस मात्र घरभर स्पिरिटचा वास. लोक म्हणायचे, "आता पॉलिश चाललंय." हे पॉलिश म्हणजे नक्की काय आणि ते आलं कुठून, याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. सध्या घरात आजोबांच्या टेबलाचं काय करायचं यावर खल चालू आहे, त्या निमित्ताने लिहितोच.

आधी लाकूड. विदर्भाला सागवानाचं कौतुक नवीन नाही. अलापल्लीचं जंगल आणि बल्लारशाहचा लाकूड डेपो ही नावं लाकूड घेणाऱ्यांना चांगली ठाऊक आहेत. मे २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं, आणि त्याच वर्षी बल्लारशाहहून अयोध्येच्या मंदिरासाठीही गेलं. नागपुरात लाकूडकामाचा थाट त्याहून जुना. महालातला भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीवकाम भरपूर होतं. १८६४ साली तो जळाला आणि मोठा दरवाजा तेवढा उरला. लाकडाचं असंच असतं. आग, वाळवी, पाणी आणि ऊन यांच्यापासून जितकं जपाल तितकं ते टिकतं. आगीपुढे पॉलिशचं काही चालत नाही, पण बाकीच्यांशी थोडंफार लढायला ते असतं.

जुना आणि सोपा उपाय तेलाचा. जवस, म्हणजे अळशी, आपल्या भागातलं पीक. तिचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, म्हणून ते लाकडात मुरतं आणि आतच राहतं. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल असं घट्ट होत नाही, चिकट राहून धूळ धरतं. (अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.)

पण वाढई करायचा ते "फ्रेंच पॉलिश". नाव फ्रेंच, माल मात्र पक्का देशी. लाखेचे किडे पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसतात, रस पितात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. ती लाख. पळस-बोरीवरची रंगीनी, कुसुमावरची कुसुमी. फाल्गुनात विदर्भात जो पळस पेटल्यासारखा फुलतो, त्याच्याच फांद्यांवर हे चालतं. गोंदियाकडे भाताच्या गिरण्या आणि विड्या यांच्या जोडीला लाखेचाही धंदा होता. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लखेरा लोकांवर वेगळं प्रकरण आहे. महाभारतातलं लाक्षागृह तर सगळ्यांना माहीत आहेच!

गंमत म्हणजे बराच काळ युरोपला लाखेतली राळ फारशी नको होती, हवा होता तिचा लाल रंग. १८५६ साली पर्किनला कृत्रिम जांभळा रंग सापडला, पुढच्या काही वर्षांत एकामागून एक कृत्रिम रंग आले, आणि लाखेच्या रंगाची बाजारपेठ आटली. मग राळेचे दिवस आले. फांदीवरून खरवडलेली लाख कुटून, धुऊन, लांब कापडी पिशवीत भरून विस्तवाशी तापवायची, पिळून निघालेला रस पातळ ताणायचा आणि गार झाल्यावर तोडायचा. तो चपडा. फर्निचरखेरीज ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही याच लाखेच्या. लाखेचं महत्त्व इतकं की १९२४ साली रांचीजवळ नामकुमला तिच्यासाठी स्वतंत्र संशोधन संस्था निघाली.

आता काम कसं चालायचं ते. लाकूड आधी पॉलिश पेपरने घासायचं, जाड कागदाकडून बारीककडे, नेहमी रेषांच्या दिशेने. आडवं घासलं तर ओरखडे रंग जास्त पितात आणि रंग चढल्यावर दात विचकतात. मग खडूची पूड, गेरू आणि पिवळी माती कालवून लाकडाची छिद्रं बुजवायची. साध्या लाकडाला सागाची छटा हवी तर ती इथेच द्यायची. मग चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या गोळ्यावर घ्यायचा आणि हात न थांबवता फिरवत राहायचं. हात थांबला की तिथे डाग. एकेक हात वाळू द्यायचा आणि पुन्हा सुरुवात.

यात नागपूरच्या हवेचा मोठा वाटा. उन्हाळ्यात स्पिरिट झटकन उडतं, त्यामुळे हात तितकाच चपळ लागतो. पावसाळ्यात उलट. हवेतला ओलावा वाळत्या थरात अडकतो आणि पॉलिश पांढुरकं पडतं. म्हणून पॉलिशचं काम पावसाआधी उरकलेलं बरं. आणि त्याच उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवलेल्या कपाटाची दारं फुगतात, हा अनुभव नागपूरकरांना सांगायला नको.

लाखेचे दोष खरेच आहेत. गरम पातेलं ठेवा, डाग पडतो. पाणी साचू द्या, पांढरं वर्तुळ उठतं. म्हणून मेलामाइन आले, मग पीयू. ते टणक असतात, उष्णता आणि पाणी सोसतात, आणि रोजच्या जेवणाच्या टेबलाला ते लावण्यात काही चूक नाही.

पण एक फरक आहे. नवा चपडा जुन्या थराला थोडा विरघळवतो आणि त्यात मिसळून जातो. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या पॉलिशवर आज हात मारला तरी दोन्ही एक होतात. पीयू एकदा घट्ट झाला की पुन्हा विरघळत नाही. खरचटला, सुटला की बऱ्याचदा सगळा खरवडूनच काढावा लागतो, आणि खरवडताना लाकडाचाही वरचा पापुद्रा जातो. आजोबांच्या टेबलावर शाईचे डाग आहेत, कोपऱ्याला हाताच्या घासण्याने आलेली काळसर झळाळी आहे. ती लाकडाच्या अगदी वरच्या पापुद्र्यात आहे. पॉलिश पेपरचं मशीन ती पाच मिनिटांत नाहीशी करेल, आणि टेबल अगदी नवं दिसेल. दुकानातल्यासारखं.

तेव्हा काका, आत्या आणि बाकी मंडळी, माझं मत असं: धूळ ओल्या फडक्याने हलकेच पुसायची, पांढरे डाग पडले असतील तिथे तेवढंच स्पिरिट फिरवायचं आणि वर चपड्याचे दोन पातळ हात. वर काच ठेवा, म्हणजे चहाचे कप सुखाने ठेवता येतील. अडचण एकच. हाताने फ्रेंच पॉलिश करणारा माणूस आता सहज मिळत नाही. नागपुरात कुणाला असा वाढई ठाऊक असेल तर जरूर कळवा. पावसाळा यायच्या आत काम उरकायचं आहे.