पुढाऱ्याची पारख : कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि आपण

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही काहीतरी लिहा, असा समितीच्या पोरांनी आग्रह धरला. मी लेखक नाही. मिलमधला कामगार माणूस. पाळी सुटल्यावर जे वाचलं आणि सभेत मागं बसून जे ऐकलं, तेवढीच माझी शिदोरी.

विषय मात्र मीच निवडला. फुलसावंगीत काय किंवा तिकडं पुसद-उमरखेडला काय, आपली चार माणसं चहाच्या टपरीवर बसली की एक वाक्य हमखास निघतं : "आपल्याला पुढारी राहिला नाही, बावा." लहानपणापासून मी हे ऐकत आलो. पण पुढारी म्हणावं कोणाला, त्याच्यात पाहावं काय, याची चर्चा कोणी करत नाही. म्हणून आपल्याच इतिहासात डोकावून पाहू.

वज्जींचे उदाहरण

महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग आहे. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींच्या गणराज्यावर चाल करायची होती. त्याने आपला मंत्री वस्सकार याला राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर भगवान बुद्धांकडे पाठविले. भगवंतांनी मंत्र्याला सरळ उत्तर दिले नाही. जवळ उभ्या असलेल्या आनंदाला त्यांनी सात प्रश्न विचारले. वज्जी वारंवार सभा भरवतात काय? एकजुटीने जमतात आणि एकजुटीने उठतात काय? ठरलेले नियम पाळतात काय? वडीलधाऱ्यांचे ऐकतात काय? स्त्रियांवर जबरदस्ती तर करीत नाहीत ना? असे ते प्रश्न होते. जोवर हे चालू आहे तोवर वज्जींची उन्नतीच होईल, हानी होणार नाही, असा भगवंतांचा निर्वाळा.

बंधू-भगिनींनो, यात एक गोष्ट ध्यानात घ्या. वज्जींचा पुढारी कोण, तो किती शूर, त्याचे भाषण कसे, हे भगवंतांनी विचारलेच नाही. माणसं एकत्र बसतात का, एवढंच विचारलं. पुढं अट्ठकथेत असं सांगितलं आहे की, तोच वस्सकार वज्जींमध्ये जाऊन राहिला आणि त्याने एकमेकांविषयी संशय पेरला. तीन वर्षांत अशी वेळ आली की सभेचा नगारा वाजला तरी कोणी जमेना. मग अजातशत्रूला लढावंसुद्धा लागलं नाही.

भगवंतांनी आपल्या मागे गादीवर कोणाला बसविले नाही. धम्म आणि विनय हाच तुमचा शास्ता, असे आनंदाला सांगून ते गेले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत जे भाषण केले, त्यात भिक्खू संघाच्या सभेचे नियम, ठराव मांडण्याची रीत, गणपूर्ती, शलाकेने मतदान, हे सर्व आपल्या देशात जुने आहे असे दाखवून दिले. त्याच भाषणात राजकारणातली भक्ती ही अधोगतीची आणि हुकूमशाहीची वाट आहे, असा इशाराही दिला. आपण बाबासाहेबांचा फोटो लावला, पण हा इशारा किती जणांनी मनावर घेतला?

नाशिकचा कार्यकर्ता

आता दादासाहेबांकडे येऊ. भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. ते वकील नव्हते, बॅरिस्टर नव्हते. धोतर नेसणारा साधा माणूस.

२ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सुमारे पंधरा हजारांची मिरवणूक निघाली. मंदिराचे दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवसापासून स्त्री-पुरुष सत्याग्रहींच्या तुकड्या चारही दरवाजांवर बसू लागल्या. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, डोकी फुटली. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण जयंतीच्या भाषणात ते येतं. पण त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, त्यानंतर इथं काय चाललं होतं? सत्याग्रह एक-दोन दिवसांचा नव्हता. तो पुढं काही वर्षं चालला. खेड्यातून माणसं आणायची, त्यांच्या भाकरीची सोय बघायची, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी जायचं, वर्गणी जमवायची आणि झालेली हकीगत बाबासाहेबांना कळवायची. हे काम सत्याग्रह समितीचे चिटणीस म्हणून दादासाहेबांनी अंगावर घेतले. स्वतः तुरुंगवासही भोगला. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. ती वाचली म्हणजे कळतं की विलायतेत बसलेल्या माणसाला इथला भरवसा कोणाचा वाटत होता.

पहिला गुण मला इथं दिसतो. टाळ्या नसतात तेव्हाही जो काम करतो, तो पुढारी.

दुसरा गुण त्याहून अवघड. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना कळविले की आता मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह थांबवावा. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा नव्हताच. लोकांत चेतना यावी, आपली स्थिती त्यांना कळावी, यासाठी होता. ते काम झाले. आता शिक्षण आणि राजकारण याकडे शक्ती लावावी, असा त्याचा आशय होता. चार वर्षं ज्या कामात घातली, मार खाल्ला, ते थांबवणं सोपं नाही. लोकांना पटवून सांगावं लागतं. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. त्या वेळी जमीन तयार होती, कारण ती नांगरणारा माणूस जागेवर होता. कुठं थांबायचं हे कळणं हाही पुढारीपणाच आहे.

भाकरीचा प्रश्न

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर समाज पोरका झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दादासाहेब त्याच वर्षी नाशिकमधून लोकसभेवर गेले. खासदार झाल्यावर दिल्लीत बसून राहता आलं असतं. पण त्यांनी खेड्यातला माणूस पाहिला. धम्म घेतला, मन मोकळं झालं, पण पोट कोणाच्या शेतावर भरायचं? ज्याच्या बांधावर मजुरी करायची त्याच्यासमोर मान वर कशी करायची? म्हणून भूमिहीनांना जमीन, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १९५९ मध्ये पहिला मोठा सत्याग्रह झाला.

दुसरा देशव्यापी होता. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली आणि ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, सत्याग्रह सुरू झाला. फेब्रुवारी १९६५ पर्यंत तीन लाखांहून अधिक लोकांनी तुरुंगवास पत्करला. बाया कडेवर लेकरं घेऊन तुरुंगात गेल्या. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री आपल्याच पुसद भागातले, गहुलीचे वसंतराव नाईक होते. म्हणजे हा इतिहास आपल्यापासून लांबचा नाही.

त्या सनदेत काय होतं ते पाहा. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, किमान वेतन, स्वस्त धान्य, झोपडपट्टीवाल्यांची सोय. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. यातल्या जमीन, वेतन आणि धान्याच्या मागण्या कोणत्याही जातीच्या गरिबाच्या कामाच्या होत्या.

तैलचित्र लागले १२ एप्रिल १९९० रोजी. बौद्धांना केंद्राच्या सवलतीही १९९० मध्येच मिळाल्या. तोवर दादासाहेब जाऊन अठरा वर्षं उलटली होती. २९ डिसेंबर १९७१ ला त्यांचे निधन झाले. गायरानावरची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरी कित्येक कुटुंबं सात-बाऱ्यासाठी अजून तहसीलच्या पायऱ्या झिजवताहेत. तिसरा गुण हा : आपल्या हयातीत फळ दिसणार नाही, तरी मागणी कागदावर स्पष्ट लिहून ठेवायची आणि तिच्यासाठी आधी स्वतः तुरुंगात जायचं.

नुसते एक नाव नव्हे

दादासाहेब एकटे नव्हते. आपल्या विदर्भात कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांना संघटित केले. १९३७ च्या निवडणुकीत ते निवडून आले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले. आज आपण एकमेकांना 'जयभीम' म्हणतो, तो अभिवादनाचा रिवाज रुजवणारा हा माणूस. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद झाली, तिच्या अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या बाया अध्यक्षस्थानी बसल्या. आज किती विहारांच्या समितीवर अध्यक्ष बाई आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजून पाहावे.

उणे तेही सांगितले पाहिजे

ज्यांना मानतो त्यांचे दोषही बोलावेत, ही बाबासाहेबांचीच शिकवण. रिपब्लिकन पक्षात दोन-तीन वर्षांतच फूट पडली. एका बाजूला शिकलेली वकील मंडळी, दुसऱ्या बाजूला दादासाहेब. भूमिहीनांचा लढा करायचा की फक्त कायद्याच्या वाटेने जायचे, कम्युनिस्टांबरोबर जायचे की नाही, हे वाद होते. ते सभेत बसून मिटायला हवे होते, मिटले नाहीत. पुढे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचीही वाट वेगळी झाली. काँग्रेसशी केलेल्या समझोत्यावरून दादासाहेबांवर टीका झाली आणि ती सगळीच खोटी नव्हती. १९७२ मध्ये तरुणांनी दलित पँथर काढली, त्यामागे या गटबाजीचा संताप होता. तीन लाख माणसं तुरुंगात नेणाऱ्याला चार सोबती एका सतरंजीवर ठेवता आले नाहीत. वज्जींचा नगारा आठवतो.

मिलमध्ये पाहिलेले

मीही दोन प्रकारचे पुढारी पाहिले. मी ज्या मिलमध्ये होतो तिथं एकदा बोनसची बोलणी चालली होती. आमचा पुढारी बोलायला एकदम वस्ताद. गेटवर भाषण केलं की अंगावर काटा यायचा. तो बंद खोलीत गेला आणि सही करून आला. किती मिळालं, काय सोडलं, हे आम्हाला फळ्यावरच्या नोटिशीतून कळलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला काय समजतं त्यातलं?"

त्याच खात्यात एक बदली कामगार होता. चौथी शिकलेला. आजारी कामगारांसाठी आम्ही वर्गणी काढायचो, ती त्याच्याकडं असायची. दर पगाराला जेवणाच्या सुट्टीत तो वही उघडून मोठ्यानं वाचायचा : अमक्याचे इतके आले, तमक्याच्या दवाखान्याला इतके गेले, शिल्लक इतकी. कोणी मागितलं नसलं तरी वाचायचा. तो गेल्यावर वही दुसऱ्यानं घेतली आणि काम चालू राहिलं. त्या भाषणवाल्याच्या मागं मात्र युनियनचा फलकसुद्धा उरला नाही. त्या बदली कामगाराला कोणी हार घातला नाही, म्हणून इथं त्याची आठवण काढली.

आता आपल्याकडे

पुढाऱ्याची पारख त्याच्या समोर होत नाही, त्याच्या पाठीमागं होते. तो नसताना काम चालतं का, हे पाहावं. म्हणून विहार समिती निवडताना, ग्रामपंचायतीला मत देताना किंवा जयंतीची वर्गणी हातात देताना एवढं विचारू : हा हिशेब वाचून दाखवतो का? सभा बोलावतो की परस्पर ठरवतो? बायांना आणि पोरांना बोलू देतो का? संकटात पहिला येतो का? चूक झाली तर कबूल करतो का? आणि आपल्या जागी दुसरा तयार करतो का?

हे प्रश्न विचारले तर माणसं नाराज होतील, मला ठाऊक आहे. काही गावांत या नाराजीपायी एकाच्या दोन जयंत्या झाल्या. पण न विचारता जी एकी टिकते, ती एकी नसते, दबून राहणं असतं.

आणि एक. हे प्रश्न विचारायला सभेला यावं लागतं. पौर्णिमेला विहारात वंदनेसाठी दहा माणसं आणि टपरीवर पन्नास, असं असेल तर पुढारी कुठून येणार? ज्या दिवशी आपण वेळेवर जमू, बसून बोलू आणि ठरलेलं पाळू, त्या दिवशी टपरीवरचं ते वाक्य आपोआप बंद पडेल. चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

नमो बुद्धाय! जयभीम!