ऐकणाऱ्यांची हरकत

वादाचं पुस्तक चारचौघांत बसून वाचायचं नि त्यावर भांडायचं, ही चाल आपल्याकडे वाचक मंडळांबरोबर आली असा समज आहे. तो अर्धाच खरा. मराठी माणूस शतकानुशतकं पुस्तक ऐकत आला. पोथीभोवती बसणाऱ्यांतल्या कित्येकांना अक्षरओळखही नसे. श्रवणात मान डोलते, प्रश्न उठत नाही, असा यावर आक्षेप घेतला जातो. तो तपासायला कादंबरीऐवजी धर्मग्रंथ घेणं बरं, कारण मान डोलण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त. त्यासाठी गागोदे बुद्रुकला, जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात, ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबा भाव्यांची गीता पाहावी.

त्यांच्या मराठी गीतेचा, म्हणजे ‘गीताई’चा, उगम पांडित्यात नाही, तक्रारीत आहे. विनोबांच्या आई रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता उमगेना. मुलाने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तीही जड गेली. मग तूच का मराठीत करत नाहीस, असं त्यांनी विचारलं. त्या १९१८ मध्ये वारल्या. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत काम पुरं केलं. श्रोत्याला कळत नसेल तर उणीव श्रोत्याची, असं पंडिती परंपरा मानत आली. इथे एका ऐकणारीच्या हरकतीने ग्रंथाचं रूपच बदललं. याला नुसतं मान डोलणं कसं म्हणायचं?

धुळ्याच्या तुरुंगातली गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर, विनोबा सत्याग्रही कैद्यांसमोर बोलले आणि साने गुरुजींनी ते भराभर उतरून घेतलं. बोलणारा एक, बाकी ऐकणारे; याला चर्चा म्हणू नये, हे मान्य. पण समोर कोण बसलं होतं तेही पाहायला हवं. अहिंसेची शपथ घेऊन तुरुंगात आलेली माणसं युद्धाला उभं करणारा ग्रंथ ऐकत होती. टिळकांनी १९१५च्या ‘गीतारहस्या’त त्यातून कर्मयोग काढला होता. क्रांतिकारकांच्या हाती तोच ग्रंथ पाहून १९१८च्या रौलट समितीने अहवालात त्याची नोंद घेतली होती. प्रश्न असा खोलीत आधीच हजर होता. कुणी हात वर करण्याची गरज नव्हती, आणि विनोबांना तो टाळून पुढे जाता येत नव्हतं.

खरा कठीण आक्षेप वेगळा आहे. ज्यांना पोथीजवळ बसूच दिलं नाही, त्यांनी हरकत कुठे घ्यायची? त्याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने मांडला. हा अडाणी पुस्तकद्वेष होता असं म्हणणाऱ्यांनी आंबेडकरांचं वाचन किती अफाट होतं ते आठवावं. चर्चेचं दार आतून बंद असेल, तर बाहेरच्याला बोलायला दुसरी भाषा उरत नाही. धुळ्याच्या वर्तुळाचं कौतुक करताना मला महाड मध्येच आडवं येतं, आणि ते यायलाच हवं.

श्रवणाची ही रीत कादंबरीत आली तीही धुळ्याच्या त्या लेखनिकाच्याच हातून. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा मोठा भाग पाच दिवसांत लिहिला. तिथे प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम सांगतो, सोबती ऐकतात, मध्येच विचारतातही. भाबडेपणाचा आरोप या पुस्तकावर अनेकदा झाला आणि त्यात तथ्य आहे. पण गुरुजींनी ऐकणाऱ्यांना पुस्तकाबाहेर ठेवलं नाही, हे टीकाकारांच्या नजरेतून सहसा सुटतं. त्या वर्तुळात कोणाला बसता येतं, हा महाडचा प्रश्न मात्र गोष्टीने सुटणारा नव्हता. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपाशी राहावं लागलं.